पावसाळ्यातील साखरपाक : मधमाशीचा आधार की मधातील भेसळ?

कुडाळ, प्रतिनिधी

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कोकणातील घराघरांत पावसाळ्याची बेगमी केली जाते. सरपण कोरड्या जागी रचले जाते. सुकी मासळी, आमसुले, उकडे तांदूळ, पापड-लोणची डब्यांत भरून ठेवली जातात. चार महिने बाजाराची वाट धड राहील याचा भरवसा नसे, त्यातून ही रीत पडली. आता रस्ते सुधारले, तरी रीत टिकून आहे. याच परिसरात आणखी एक जीव असाच अडचणीच्या दिवसांचा शिधा साठवीत आला आहे. तो म्हणजे मधमाशी. मध ही तिची बेगमी. पेटीतील मधमाशीची ही बेगमी पावसाच्या तोंडावर माणूस काढून घेतो. साहजिकच पुढील चार महिने तिने काय खावे, हा मधमाशीपालनातील सर्वांत व्यवहारी आणि तितकाच वादाचा प्रश्न ठरला आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर आहे साखरेचा पाक. शहरातील ग्राहकाच्या कानावर हा शब्द पडला की त्याच्या मनात पहिली शंका भेसळीची येते. पेटीशेजारी साखरेचे पोते दिसले म्हणजे मध बनावट, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो हिशेब अपुरा आहे. साखर दिली का, यापेक्षा ती केव्हा दिली आणि मध केव्हा काढला, यावर सारे अवलंबून असते.

चार महिन्यांची टंचाई

कुडाळ-वेंगुर्ले मार्गावरील पिंगुळी हे गाव चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेमुळे, तसेच राऊळ महाराजांच्या मठामुळे सर्वत्र परिचित आहे. मधमाशीच्या दृष्टीने पाहिले तर या परिसराचे वर्ष दोन भागांत विभागले जाते. हिवाळ्याच्या आरंभापासून काजू, आंबा आणि कोकम मोहरतात. त्यांच्या पाठोपाठ जांभूळ आणि रानातील इतर झाडे फुलतात. मे महिन्यापर्यंत माशांना कमी-अधिक प्रमाणात मकरंद आणि पराग मिळत राहतो. हा समृद्धीचा काळ होय.

जूनमध्ये चित्र पालटते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. संततधार पावसात माशी पेटीबाहेर पडू शकत नाही. उघडीप मिळून ती बाहेर पडली, तरी फुलांतील मकरंद पावसाने धुऊन गेलेला किंवा पातळ झालेला असतो आणि पराग भिजलेला असतो. नारळाला वर्षभर नवनवा फुलोरा येत राहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या बागांत थोडाफार आधार मिळतो. परंतु तो संपूर्ण वसाहतीला पुरेल असे नाही.

पेटीतील खर्च मात्र थांबत नाही. अंडी आणि अळ्या असलेल्या भागाचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा मधातून मिळते. कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या दिवसांत अवघे पाच-सहा आठवड्यांचे असते. नवी पिढी सतत तयार होत राहिली नाही, तर चार महिन्यांत वसाहत संपुष्टात येऊ शकते. साठा आटू लागला की राणीमाशी अंडी घालणे कमी करते, कामकऱ्यांची संख्या घटते आणि त्यांच्या पहाऱ्याअभावी ओसाड पडलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. पावसाळ्यानंतर पेटी उघडल्यावर जाळ्यांनी भरलेल्या चौकटी आढळल्या, तर बहुतेक वेळा मूळ कारण उपासमारीचे असते. मेणकिडा नंतर येतो.

सातेरी निघून जाते

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत पाळली जाणारी स्थानिक मधमाशी म्हणजे सातेरी. हिमाचल प्रदेशातील नगरोटा बागवान येथे १९६०च्या दशकात यशस्वीपणे रुजविलेली युरोपीय मधमाशी, अर्थात मेलिफेरा, नंतर देशाच्या अनेक भागांत पसरली. या दोन माशांच्या स्वभावात एक महत्त्वाचा फरक आहे. थंड हवामानात घडलेली मेलिफेरा साठ्याच्या भरवशावर पेटीत टिकून राहते. सातेरी मात्र अन्न संपत आले, उपद्रव वाढला किंवा जागा गैरसोयीची झाली की सारे पोळे सोडून एकत्रित उडून जाते.

निसर्गात तिला याचा उपयोगच होतो. एका रानातील फुलोरा संपला तर ती दुसऱ्या रानात जाते. परंतु दोन-चार पेट्यांवर पूरक उत्पन्न मिळवू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पावसाळ्यात रिकामी झालेली पेटी म्हणजे पुढच्या हंगामाचे नुकसान असते. ते केवळ मधाचे नसते. डिसेंबरनंतर काजू आणि आंब्याच्या मोहरात परागीभवनाचे काम कीटक करतात. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या काजूच्या जातींनी या जिल्ह्याच्या बागायतीचे रूप बदलले. मोहर कितीही चांगला आला, तरी परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात नेणारा कीटक हवाच. पावसाळ्यात वसाहत जगली, तर हिवाळ्यात ती पूर्ण संख्येने बागेत उतरते. सप्टेंबरमध्ये ती मूठभर उरली असेल, तर ऐन मोहरात ती स्वतःला सावरण्यातच गुंतलेली असते.

पाक कसा असावा?

मधमाशांसाठीचा पाक म्हणजे स्वयंपाकघरातील एकतारी किंवा दोनतारी पाक नव्हे. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात तेवढ्याच वजनाची पांढरी साखर विरघळवावी आणि द्रावण पूर्ण थंड झाल्यावर द्यावे, अशी ही साधी कृती आहे. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यापूर्वी साठा करून देण्यासाठी दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट पाक वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यातील दैनंदिन गुजराण हा हेतू असल्याने समप्रमाणातील पातळ पाक सोयीचा ठरतो.

साखर आचेवर करपू देऊ नये. साखर तापल्याने, विशेषतः लिंबासारखा आम्ल पदार्थ घालून उकळल्याने, हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल नावाचे द्रव्य तयार होते. ते प्रमाणाबाहेर गेल्यास माशांना घातक ठरते. गूळ, काकवी किंवा खांडसारी वापरण्याचा मोहही टाळावा लागतो. माणसाच्या आहारात गुळाची थोरवी गायिली जात असली, तरी त्यातील खनिजे आणि इतर घटक माशीला पचत नाहीत. माशी मलविसर्जनासाठी पेटीबाहेर उडते. पावसाने कोंडून पडलेल्या वसाहतीला अशा खाद्यामुळे अतिसार झाला, तर पेटीच दूषित होते. माशीपुरते बोलायचे तर शुद्ध पांढरी साखर हेच अधिक सुरक्षित खाद्य आहे.

बाजारातून आणलेला किंवा अनोळखी पेटीतील मध खाऊ घालणे हा आणखी एक धोकादायक उपाय होय. मधातून रोगजंतूंचा प्रसार होऊ शकतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार झाला होता. एका पेटीतील खाद्य दुसऱ्या पेटीत देताना किती सावध राहावे लागते, हे त्या अनुभवाने शिकविले.

पाक देण्याची वेळही महत्त्वाची असते. दिवसा पाक सांडला तर त्याच्या वासाने इतर वसाहतींतील माशा धावून येतात आणि दुबळ्या पेटीची लूट सुरू होते. म्हणून संध्याकाळी, शक्यतो सर्व पेट्यांना एकाच वेळी आणि पेटीच्या आतच पाक ठेवला जातो. दुबळ्या वसाहतीचे प्रवेशद्वार अरुंद केले जाते. बारीक छिद्रांच्या झाकणाची बरणी चौकटींवर उलटी ठेवणे ही सर्वत्र आढळणारी पद्धत आहे. नारळाची करवंटीही चालते. मात्र माशा बुडून मरू नयेत यासाठी तीत काड्या किंवा गवत घालावे लागते. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. कोकणच्या दमट हवेत पाक लवकर आंबतो. त्यामुळे एका रात्रीत संपेल एवढाच देणे आणि उरलेला काढून टाकणे श्रेयस्कर असते.

खर्चाचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. एका पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर दिली, तर सोळा आठवड्यांत तीन किलो २०० ग्रॅम साखर लागते. दहा पेट्यांना ३२ किलो. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारणतः पाच ते दहा किलो मध मिळतो. ही तुलना पाहिली की पावसाळी खाद्य हा मधमाशीपालनाचा अटळ खर्च का मानला जातो, हे स्पष्ट होते. पेटीत पुरेसा मध शिल्लक असेल तर हा खर्च बराच कमी होतो.

साखरेने पोट भरते, पिढी वाढत नाही

पाक म्हणजे केवळ ऊर्जा. अळ्यांच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे परागातून मिळतात. स्वित्झर्लंडमधील अंध निसर्गअभ्यासक फ्रांस्वा ह्यूबर यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी प्रयोगांती दाखवून दिले होते की, कोंडलेल्या माशा केवळ साखरेवर मेण तयार करू शकतात, पण परागाशिवाय अळ्यांचे संगोपन करू शकत नाहीत. त्यांच्यानंतर मधमाशीशास्त्र खूप पुढे गेले, तरी हा निष्कर्ष कायम आहे.

परागाची टंचाई दीर्घकाळ राहिल्यास स्निग्धांश काढलेले सोयाबीनचे पीठ, यीस्ट आणि साखर यांचे मिश्रण लहान वडीच्या रूपात चौकटींवर ठेवले जाते. काही मिश्रणांत साय काढलेल्या दुधाची भुकटीही असते. हे पर्यायी खाद्य परागाची पूर्ण बरोबरी करीत नाही. माशा ते खात नसतील, तर दमट हवेत त्यावर बुरशी चढण्यापूर्वी काढून टाकावे लागते.

भेसळ कोठे सुरू होते?

मधमाशी फुलातून आणलेल्या मकरंदावर आपल्या लाळेतील विकरांची प्रक्रिया करते. मकरंदातील सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. पंखांनी वारा घालून पाण्याचा अंश कमी केला जातो आणि तयार झालेल्या मधाच्या कोठड्यांवर मेणाचे झाकण चढते. साखरेच्या पाकावरही ती हीच प्रक्रिया करते. अर्थात, भर हंगामात पेटीत पाक ठेवला, तर माशी तो त्याच कोठड्यांत साठविते. दिसायला तो मधासारखाच असतो. त्यात फुलांचा गंध, पराग आणि मकरंदातील इतर घटक मात्र नसतात. असा पदार्थ मध म्हणून विकणे ही भेसळच होय. ती बाटलीत झाली नाही, पेटीत झाली, एवढाच फरक.

यावरून मधमाशीपालनातील मूलभूत नियम निघतो. वरच्या मधकोठीत मध साठविला जात असताना पाक द्यावयाचा नाही. पाक टंचाईच्या काळात, जगण्यापुरता, खालच्या पिलाव्याच्या कोठीतील माशांसाठी द्यावयाचा आणि फुलोरा सुरू होण्यापूर्वी तो बंद करावयाचा. ऑगस्टमधील पाक ऑगस्टमध्येच खाल्ला गेला, तर मार्च-एप्रिलमधील मधाशी त्याचा संबंध उरत नाही.

मानकांची भूमिका येथे येते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार मधात सुक्रोजचे प्रमाण सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलणाऱ्या कारवीच्या मधासाठी ही मर्यादा दहा टक्के ठेवण्यात आली, कारण त्या मधाची नैसर्गिक घडणच वेगळी आहे. माशीने साखरेचे विघटन केले असल्यास केवळ सुक्रोज मोजून फसवणूक उघड होत नाही. तेथे कार्बनच्या समस्थानिकांची चाचणी उपयोगी पडते. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन डायऑक्साइड एका विशिष्ट पद्धतीने ग्रहण करतात. बहुतेक मधुफुलांच्या वनस्पतींची पद्धत वेगळी असते. त्यामुळे उसाची साखर माशीच्या पोटातून गेली, तरी आपला ठसा मागे ठेवते.

भेसळ करणाऱ्यांनी यावरही तोड काढली. तांदळासारख्या पिकांपासून बनविलेली सरबते या चाचणीत सापडत नाहीत. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तेरा ब्रँडच्या मधाचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत अण्विक चुंबकीय अनुस्पंदन चाचणीसाठी पाठविल्याचे आणि त्यातील दहा ब्रँड अनुत्तीर्ण ठरल्याचे जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले होते. या वादात ज्या औद्योगिक सरबतांची चर्चा झाली, त्यांचा आणि पावसाळ्यात करवंटीभर पाक ठेवणाऱ्या मधपाळाचा काहीही संबंध नव्हता. मात्र साखर या एका शब्दाने दोघांनाही एकाच पंक्तीत बसविले.

साखरेची गरज कमी कशी होईल?

उत्तम पाक देण्यापेक्षा पाकाची गरज कमी करणे अधिक हिताचे असते. त्याचा पहिला मार्ग म्हणजे शेवटचा मध पेटीतच ठेवणे. मेअखेरीस भरलेल्या चौकटी काढून घेतल्या की हातात चार पैसे अधिक येतात. पुढे जुलैमध्ये साखर विकत आणावी लागते आणि वसाहत दुबळी होण्याचा धोका वेगळाच. पिलाव्याच्या कोठीतील मधाला हात न लावणे आणि केवळ मधकोठीतील मध यंत्राने काढणे, ही शास्त्रीय पद्धतीची पहिली अट आहे.

दुसरा मार्ग फुलोऱ्याचा. महाबळेश्वर येथील मध संचालनालय आणि पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांनी सह्याद्रीतील मधुवनस्पतींचा अभ्यास आणि मधपाळांचे प्रशिक्षण दीर्घकाळ चालविले. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर सिंधुदुर्गाच्या सीमेलगत, घाटमाथ्यावरील भुदरगड तालुक्यातील पाटगावनेही ही ओळख मिळविली. या दोन्ही गावांचे भांडवल भोवतालचे जंगल आहे. कोकणात बांधावरची जांभळे, हिरडे आणि इतर रानझाडे तोडून केवळ काजूची लागवड होत गेली, तर तीन महिने मेजवानी आणि उरलेले वर्ष उपवास अशी माशीची स्थिती होते. ती तूट कितीही साखर घालून भरून निघणारी नाही.

तिसरी बाब फवारणीची. आंब्यावरील तुडतुडे आणि काजूवरील ढेकण्या यांच्या बंदोबस्तासाठी मोहराच्या काळात कीटकनाशके वापरली जातात. फुले पूर्ण उमलली असताना, माशांच्या वर्दळीच्या वेळी फवारणी झाली, तर पावसाळाभर जपलेली वसाहत एका सकाळी रिकामी होऊ शकते. फवारणी आवश्यकच असेल तर ती संध्याकाळी करणे आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळविणे, एवढ्यानेही पुष्कळ नुकसान टळते.

ग्राहकाने काय पाहावे?

मध पाण्यात टाकून तो तळाशी जातो का हे पाहणे, काडी मधात बुडवून पेटविणे, कागदावर थेंब ठेवणे अशा घरगुती चाचण्या विश्वासार्ह नाहीत. दाट साखरपाकही पाण्याच्या तळाशी जातो. थंडीत मध गोठला म्हणजे त्यात साखर आहे, हा समजही चुकीचा होय. ग्लुकोजचे प्रमाण अधिक असलेला शुद्ध मध स्वाभाविकपणे गोठतो.

याऐवजी थेट मधपाळाकडून खरेदी करताना काही साधे प्रश्न विचारता येतात. मध कोणत्या महिन्यात काढला? त्या वेळी परिसरात काय फुलले होते? पाक शेवटचा केव्हा दिला होता? पावसाळ्यासाठी पेटीत किती मध ठेवला? पावसाळ्यात पाक देतो, असे जो मधपाळ सरळ सांगतो, त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. बारमाही, अमर्याद आणि दर वेळी एकाच रंगाचा व चवीचा मध अगदी स्वस्तात देऊ करणाऱ्याबाबत मात्र शंका घ्यावी. सह्याद्रीतील मध हंगामागणिक बदलतो. जांभळाचा मध आणि कारवीचा मध यांच्या रंगात आणि चवीत फरक असणारच.

या व्यवहारात ग्राहकाच्या खिशाचाही वाटा आहे. मधाला पुरेसा भाव मिळाला नाही, तर मधपाळ मेअखेरची शेवटची चौकटही काढतो आणि तिची भरपाई साखरेने करतो. भाव योग्य मिळाला, तर ती चौकट पेटीत राहू शकते. जुलैच्या झडीत तिच्यावर गुजराण करणारी वसाहत डिसेंबरात काजूच्या मोहरावर उतरते, आणि तिच्या कामाचा लाभ पेटीच्या मालकाबरोबरच आसपासच्या सर्व बागायतदारांना मिळतो.